सोनेरी सुईचे जास्तीचे पैसे कशाचे?

अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतो आहोत. आपल्या बैठकीत हप्ता, व्याज, कर्ज हे विषय नेहमीचेच असतात. पण गेले काही महिने एक वेगळाच प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो आहे. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून जीन्सचे काम घरी आणणाऱ्या ताया विचारतात, "साधी सुई घ्यायची की सोनेरी? दुकानदार म्हणतो सोनेरी जास्त चालते. पण पैसेही जास्त घेतो ना!" आनंदनगर एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनवर उभ्या राहणाऱ्या मुलींचाही प्रश्न हाच. त्यांच्या हातात कधी सोनेरी ड्रिल येते, कधी काळपट जांभळे, कधी राखाडी. या रंगांचा अर्थ काय, आणि त्यासाठी जास्त पैसे का द्यायचे?

प्रश्न साधा वाटतो, पण तो मजुरीचा आहे. पीसवर शिवणाऱ्या बाईला सुई बहुतेक वेळा स्वतःच्या पैशातून घ्यावी लागते. सुई बोथट झाली की टाका सुटतो, धागा तुटतो, कापडाला भोक पडते. पीस परत आला की मजुरी कापली जाते. म्हणून आज आपण ही सोनेरी साल नीट समजून घेऊ.

उत्तर आधीच थोडक्यात सांगतो. तो सोनेरी रंग म्हणजे सोने नाही आणि रंगाचा हातही नाही. ती टायटॅनियम नायट्राइड नावाच्या सिरॅमिकची फार पातळ आणि फार कठीण साल आहे. सिरॅमिक म्हटले की आपल्याला कपबशी आणि बाथरूमच्या टाइल आठवतात. हे त्याच मोठ्या घराण्यातले, पण बरेच दणकट. टायटॅनियम हा धातू आणि आपल्या हवेत ज्याचा वाटा ७८ टक्के आहे तो नायट्रोजन वायू, या दोघांच्या संयोगातून ते तयार होते. पोलाद साधारण १,५०० अंशाला वितळते. हे वितळायला २,९०० अंशांहून जास्त तापमान लागते.

झीज म्हणजे नेमके काय

आपले शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. शिलाहारांच्या काळात काळ्या दगडात बांधलेले. तो दगड कठीण खरा, तरीही बाहेरच्या भिंतींवरच्या कितीतरी मूर्तींचे नाकडोळे आज पुसट झाले आहेत. साडेनऊशे वर्षांचे ऊन, पाऊस आणि हवा त्याला पुरून उरली. झिजत नाही असे जगात काही नाही. प्रश्न असतो तो किती लवकर झिजते आणि कशाने झिजते एवढाच.

घरातला पाटा-वरवंटा आठवा. मसाला वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यावी लागे. ही घासून होणारी झीज. कापडातली धूळ, डाय आणि जाड दोरे सुईच्या टोकाला असेच घासतात.

दुसरी झीज चिकटण्याची. कणीक सैल झाली की पोळपाटाला चिकटते, आणि उचलताना तिचा तुकडा तिथेच राहतो. धातूवर धातू जोराने घासला की असेच होते. लोखंडाचा बारीक कण ड्रिलच्या धारेला चिकटतो आणि निघताना धारेचा कण सोबत घेऊन जातो.

तिसरी झीज उष्णतेची. मिनिटाला चार हजारांवर टाके मारणाऱ्या मशीनवर सुई इतकी तापू शकते की पॉलिएस्टरचा धागा मऊ पडतो. पॉलिएस्टर वितळते साधारण २६० अंशांना. नेढ्याजवळ वितळलेला धागा चिकटलेला काहीजणींनी पाहिला असेल. ड्रिलच्या टोकाला याहून जास्त उष्णता असते. लोखंडाची चिप निळी पडून बाहेर आली तर समजावे की धारेला चटके बसत आहेत.

चौथी झीज ठोक्यांची. पुन्हा पुन्हा मार बसला की बारीक तडा जातो, तो वाढतो आणि एके दिवशी टवका उडतो.

या चारही झिजांवर एकच औषध लागू पडत नाही. वेगवेगळे थर का द्यायचे, याचे मूळ इथेच आहे.

कठीण, ठिसूळ आणि चिवट

आपण बोलताना हे तीन शब्द एकमेकांत मिसळतो. काचेची बांगडी कठीण असते, नखाने तिच्यावर चरा पडत नाही. पण ओट्याला आपटली की फुटते, म्हणजे ती ठिसूळ आहे. प्लास्टिकची बांगडी मऊ असते, तिच्यावर चरे पडतात, पण फुटत नाही. ती चिवट आहे.

कठीणपणा मोजायची एक रीत आहे. हिऱ्याचे छोटे टोक ठरावीक वजनाने पृष्ठभागावर दाबतात आणि खळगा किती मोठा पडला ते पाहतात. खळगा जितका लहान तितका पदार्थ कठीण. या विकर्स मापात साधे मऊ पोलाद दीडशेच्या आत-बाहेर भरते, चांगल्या ड्रिलचे हायस्पीड स्टील आठशे-नऊशेपर्यंत जाते आणि टायटॅनियम नायट्राइड दोन हजारांच्या पुढे. हिऱ्याचा आकडा दहा हजारांच्या घरात.

मग अख्खे ड्रिलच या सिरॅमिकचे का करू नये? कारण ते बांगडीसारखे फुटेल. म्हणून कारागिरांनी तोडगा काढला. आतले अंग चिवट पोलादाचे ठेवायचे आणि वर कठीण सिरॅमिकची साल चढवायची. साल झीज सोसते, अंग मार सोसते. ही साल साधारण २ ते ४ मायक्रॉन जाड असते. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी ५० ते १०० मायक्रॉन. म्हणजे एका केसाच्या जाडीत अशा वीसेक साली मावतील.

साल चढते कशी

हे काम ब्रशने होत नाही आणि पाण्यात बुडवूनही होत नाही. पोलादाची मोठी बंद पेटी असते. तिच्यातली हवा पंपाने काढून टाकतात. आत टायटॅनियमच्या जाड चकत्या बसवलेल्या असतात. त्यांच्यावर विजेची ठिणगी नाचवली की टायटॅनियमची वाफ होते. मग मोजका नायट्रोजन आत सोडतात. वाफ आणि वायू यांचा संयोग ड्रिलच्या अंगावर होतो आणि अणू अणूंनी थर वाढत जातो. ड्रिल आत गोल गोल फिरत राहतात, म्हणजे सगळ्या बाजूंना सारखा लेप बसतो. तापमान साधारण ४०० ते ५०० अंश ठेवतात, कारण त्यापेक्षा फार वर गेले तर हायस्पीड स्टीलचे पाणीच उतरते.

या पद्धतीने हायस्पीड स्टीलच्या हत्यारांवर सोनेरी लेप येऊ लागला तो १९८० च्या सुमारास. त्याआधी १९६९ मध्ये स्वीडनच्या सँडविक कंपनीने लेथवर लावायचे लेपवाले इन्सर्ट बाजारात आणले होते. त्यांची पद्धत वेगळी, हजार अंशांच्या आसपास तापवून वायूंपासून लेप बसवण्याची. आज महाराष्ट्रात भोसरीला, पुण्याजवळ, ओर्लिकॉन बाल्झर्ससारख्या कंपन्या इतरांच्या हत्यारांवर लेप चढवून देण्याचे काम करतात. आपल्या अंबरनाथला तर हत्यारांची जुनी ओळख आहे. ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि भोवतीची एमआयडीसी, सगळीकडे ड्रिल, टॅप, इन्सर्ट यांचाच कारभार. किती घरांची चूल त्यावर पेटली आहे.

एकाच थराची अडचण

आता मुख्य गोष्ट. एकच थर जाड केला तर जास्त टिकेल असे आपल्याला वाटते. दोन कोट रंगाऐवजी चार कोट मारले तर बरेच, असा आपला हिशोब. इथे तो चालत नाही.

कारण या थराची घडण. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर टायटॅनियम नायट्राइडचा एकटा थर उभ्या काड्यांसारखा वाढलेला दिसतो. केरसुणी उलटी उभी धरली तर काड्या कशा एकमेकींना लागून उभ्या असतात, तसा. वरून बारीक तडा गेला की तो दोन काड्यांच्या फटीतून सरळ खाली पोलादापर्यंत पोचतो. कूलंटचे पाणी, दमट हवा त्याच वाटेने आत शिरते. पोलाद खालून गंजले की वरची साल उचलली जाते.

दुसरी अडचण ताणाची. थर बसताना त्याच्या आत दाब भरून राहतो. थोडा दाब चांगला, कारण तो तड्याला उघडू देत नाही. पण थर जाड होत गेला की दाब साठत जातो आणि शेवटी साल आपणहून टवके उडवून सोडते. ओल्या भिंतीवर जाड प्लास्टर एकदम थापले तर ते धपकन् निघून पडते, तसेच.

गवंडीदादा भिंत बांधताना विटेचा सांधा विटेच्या सांध्यावर कधी येऊ देत नाहीत. कौलारू घरात खालच्या ओळीचा सांधा वरच्या कौलाने झाकलेला असतो. पाणी आत शिरू नये म्हणून आपल्या आज्या-पणज्यांच्या काळापासून ही युक्ती चालत आली आहे. हत्यारांच्या लेपातही हेच केले. एकाच पदार्थाचा एक जाड थर देण्याऐवजी दोन किंवा जास्त पदार्थांचे पातळ थर एकावर एक दिले. प्रत्येक नवा थर नव्याने उगवतो, त्यामुळे खालच्या काड्यांच्या फटी वरच्या काड्यांच्या फटींशी जुळत नाहीत. तडा एका थरातून खाली आला की सीमेवर त्याची वाट मोडते. मग तो आडवा वळतो आणि तिथेच त्याची ताकद संपते.

निसर्गाने हे काम फार आधी केले आहे. मोत्याच्या शिंपल्याच्या आतला चकचकीत भाग पाहा. तो जवळजवळ सगळा चुनखडीच्याच पदार्थाचा असतो. नुसती चुनखडी हातोडीच्या एका घावात फुटते. पण शिंपल्यात तिच्या फार पातळ चकत्या रचलेल्या असतात आणि दोन चकत्यांमध्ये प्रथिनाचा बारीकसा थर. तडा गेला तर त्याला प्रत्येक चकतीला वळसा घालत जावे लागते. म्हणून पदार्थ तोच असूनही शिंपला कितीतरी पट चिवट.

चार जावा, चार कामे

थर दोन रीतींनी देतात. पहिल्या रीतीत तीन-चारच थर असतात आणि प्रत्येकाचे काम ठरलेले असते. लेथवर लावायच्या कार्बाइड इन्सर्टवर ही रीत दिसते. सगळे थर मिळून जाडी ५ ते २० मायक्रॉन.

एकत्र कुटुंबात चार जावा असतात आणि एकीकडे चूल, एकीकडे पाणी, एकीकडे शेत, एकीकडे आल्यागेल्याचे, अशी वाटणी असते. इथेही तसेच. सगळ्यांत खाली पातळ थर असतो, त्याचे काम कार्बाइडला घट्ट धरून ठेवायचे. त्यावर टायटॅनियम कार्बोनायट्राइडचा थर, हा घासण्याची झीज सोसतो. त्यावर अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनचे सिरॅमिक. ते उष्णता खाली उतरू देत नाही आणि तापलेल्या लोखंडाशी रासायनिक भांडणही करत नाही. सगळ्यांत वर पुष्कळदा सोनेरी टायटॅनियम नायट्राइड. वरच्या सोनेरी थराचे एक काम तर अगदी साधे आहे. इन्सर्टची कोणती कड वापरून झाली ते मशीनवरच्या बाईला एका नजरेत कळावे! सोनेरी पुसून काळे दिसले की ती कड वापरलेली.

शेकडो थरांची गोष्ट

दुसऱ्या रीतीत थर शेकड्यांनी असतात आणि प्रत्येक थर काही नॅनोमीटर जाड. एका मायक्रॉनमध्ये हजार नॅनोमीटर. दोन थरांची जोडी पाच नॅनोमीटरची धरली तर ३ मायक्रॉनच्या सालीत सहाशे जोड्या बसतात. हे करायला सहाशे वेळा पेटी उघडावी लागत नाही. पेटीच्या एका बाजूला एका धातूच्या चकत्या लावतात, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच्या. ड्रिल फिरता फिरता एकदा या चकतीसमोर येते, एकदा त्या. एका फेरीत एक जोडी.

यातून तडे अडतात, पण तेवढेच नाही. पदार्थ आणखी कठीणही होतो. एखाद्या पदार्थात खळगा पडतो म्हणजे त्याच्या आतल्या अणूंच्या रांगा घसरतात. गर्दीच्या वेळची आपली लेडीज डब्यातली परिस्थिती आठवा. दाराशी धक्का बसला की तो पार आतपर्यंत जातो. मधे पार्टिशन असेल तर तिथेच थांबतो. लेपात दोन वेगवेगळ्या ताठरपणाचे पदार्थ आलटून पालटून असले की प्रत्येक सीमा असे पार्टिशन होते. घसरण एका पातळ थरातच अडकून पडते.

जे. एस. कोहलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० मध्ये ही कल्पना कागदावर मांडली. १९८७ मध्ये स्वीडनचे उल्फ हेल्मरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियम नायट्राइड व व्हॅनेडियम नायट्राइड यांचे असे थर प्रत्यक्ष करून पाहिले. जोडीची जाडी पाच नॅनोमीटरच्या जरा पुढे असताना कठीणपणा ५,५०० च्या वर गेला. हे दोन पदार्थ एकेकटे त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. दोघे मिळून मात्र एकटेपणाच्या दुपटीहून जास्त. बचत गटाचे तत्त्व आम्हाला यापेक्षा चांगले सांगता येणार नाही.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. बंगळूरच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये हरीश बर्शिलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड आणि क्रोमियम नायट्राइड यांचे असे पातळ थर तयार केले. त्यांची घडण, कठीणपणा आणि तापवल्यावरचा टिकाव यांवर त्यांनी २००५ मध्ये शोधनिबंध लिहिला. अ‍ॅल्युमिनियम घातल्याचा फायदा उष्णतेत दिसतो. साधा सोनेरी लेप हवेत पाच-सहाशे अंशांना खराब होऊ लागतो. अ‍ॅल्युमिनियमवाला काळपट जांभळा लेप आठशेच्या आसपास टिकतो, कारण तापल्यावर त्याच्या अंगावर अ‍ॅल्युमिनाचे पातळ कवच आपोआप धरते.

पण थर जितके बारीक तितके चांगले असेही नाही. फारच पातळ केले तर दोन पदार्थ एकमेकांत मिसळतात, सीमाच पुसल्या जातात आणि फायदा जातो. फार जाड केले तरी फायदा कमी होतो. मधला मेळ साधावा लागतो.

पाया कच्चा तर सगळे वाया

चिखलावर टाइल बसवली आणि तिच्यावर पाय दिला तर काय होईल? टाइल कितीही चांगली असो, खालचे दबले की ती फुटणारच. मऊ पोलादावर कठीण साल चढवली तर तेच होते. साल झिजत नाही, पण खाली अंग दबते आणि साल तडकते. म्हणून स्वस्तातल्या मऊ ड्रिलवरचा सोनेरी लेप दिसायला छान आणि कामाला कच्चा.

शिवाय लेपाआधी अंग तेलकट राहिले, गंजाचा कण राहिला तर साल धरतच नाही. भिंतीला रंग देण्याआधी प्रायमर मारतात, तसा कित्येकदा आधी शुद्ध टायटॅनियमचा किंवा क्रोमियमचा अगदी बारीक थर देतात. त्यामुळे पोलाद आणि सिरॅमिक एकमेकांना धरून राहतात.

मग सुईचे काय?

शिलाई मशीनची नेहमीची सुई पोलादाची असते आणि तिच्यावर क्रोमियमचा किंवा निकेलचा मुलामा असतो. सोनेरी सुईवर टायटॅनियम नायट्राइड. ग्रोझ-बेकर्ट ही जर्मन कंपनी, जिचा एक कारखाना चंदिगडला आहे, तिची अशी सुई 'गेबेडूर' नावाने मिळते. इतर कंपन्यांच्याही मिळतात. सुईवर सहसा हा एकच थर असतो. शेकडो थरांचा खेळ मुख्यतः ड्रिल, कटर आणि इन्सर्टवर चालतो.

या सालीमुळे टोक जास्त दिवस टोकदार राहते. जीन्सचे कापड जाड आणि खरखरीत, त्यामुळे तिथे फरक पडायला वाव आहे. पातळ सुती ब्लाउज शिवणाऱ्या ताईला कदाचित काहीच फरक जाणवणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सोनेरी साल सुईला मोडण्यापासून वाचवत नाही. बाजूची शिवण आणि बेल्ट जिथे मिळतात तिथे कापडाचे कितीतरी पदर येतात. सुई तिथे वाकते, प्लेटला किंवा हुकाला लागते आणि तुटते. ते सोळा नंबरच्या जागी अठरा नंबरची सुई घालून, मशीनचे टायमिंग नीट करून आणि जाड जागी चाक हाताने फिरवून टळते. सुई तुटली तर सगळे तुकडे शोधून कागदाला चिकटवून ठेवा. कपड्यात राहिलेला तुकडा कुणाच्या लेकराला टोचू शकतो. आणि जाड शिवणीवर चष्मा लावा, डोळ्याला दुसरा डोळा मिळत नाही.

सगळे सोनेरी सारखे नसते

हातशिलाईच्या काही सुयांचे नेढे सोनेरी असते. तो खरोखर सोन्याचा पातळ मुलामा असतो, धागा सहज सरकावा म्हणून. त्याचा झिजेशी संबंध नाही.

काही ड्रिल नुसती तापवून पिवळसर केलेली असतात. गॅसवर विसरलेले स्टीलचे पातेले तळाला आधी पिवळे आणि मग जांभळे-निळे पडते, तसाच हा रंग. तो ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा असतो. ड्रिल वाईटच असेल असे नाही, पण तो सिरॅमिकचा लेप नव्हे. टाकून दिलेल्या ड्रिलवर साधी कानस घासून पाहा. पापुद्रा असेल तर लगेच निघतो. खरा लेप असेल तर कानस बरीच घसरते.

'अँटी टार्निश' म्हणून हल्ली स्टीलचे सोनेरी दागिने विकले जातात. त्यांतल्या पुष्कळांवर अशाच बंद पेटीत चढवलेला लेप असतो. वन ग्रॅमवर मात्र खऱ्या सोन्याचा पातळ मुलामा. सोने मऊ, म्हणून ते लवकर पुसते. आपल्या ज्या ताया दागिने विकतात त्यांनी गिऱ्हाइकाला हा फरक सांगून विकावे.

स्वयंपाकघरातला 'सिरॅमिक' तवा ही तिसरीच गोष्ट. त्याचा लेप मुख्यतः वाळूच्या जातीच्या पदार्थाचा असतो आणि या लेपांच्या मानाने कमी टिकाऊ. नाव तेच म्हणून त्याच्यावर स्टीलचा उलथना चालवू नका, लाकडीच वापरा.

ड्रिलवर काम करणाऱ्या मुलींसाठी आणखी दोन गोष्टी. ड्रिलला धार लावली की टोकावरचा लेप जातो, पण खाचेतला राहतो. म्हणून धार लावलेले ड्रिल साध्यापेक्षा बरे चालते, नव्याइतके नाही. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबला अ‍ॅल्युमिनियमवाला जांभळा लेप वापरू नका. जातीला जात चिकटते. तिथे चकचकीत बिनलेपाचे हत्यार पुष्कळदा बरे.

वही उत्तर देईल

आता पैशांचा हिशोब. समजा, साधी सुई ८ रुपयांना आहे आणि सोनेरी २० रुपयांना. साध्या सुईवर ४० पीस निघाले तर एका पीसला २० पैसे पडले. सोनेरी सुईवर ८० पीस निघाले तर पीसला २५ पैसे. म्हणजे दुप्पट चालूनही ती महागच! १०० पीस निघाले तर बरोबरी, आणि १२० निघाले तर साधारण १७ पैसे. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमच्या दुकानातले भाव आणि तुमचे पीस वेगळे असतील. 'जास्त चालते' या शब्दावर पैसे द्यायचे नाहीत, किती जास्त ते विचारायचे.

ते दुकानदार सांगू शकणार नाही. आपली वही सांगेल. दोघीजणींनी एकाच मापाच्या जीन्सवर, एकाच नंबरच्या सुया घालून काम करावे. एकीने साधी, एकीने सोनेरी, आणि आठवड्याने अदलाबदल. वहीत चार रकाने करावेत: सुई कधी घातली, कधी काढली, किती पीस झाले, किती परत आले. सुई काढायची वेळ ठरवायला तिचे टोक हलकेच नखावरून ओढावे. ओरखडा उठला किंवा टोक अडखळले की ती बोथट झाली. परत आलेल्या पीसचे कापलेले पैसे सुईच्या किमतीत धरायला विसरू नका. कधी कधी खरा तोटा तिथेच असतो. महिनाभराच्या नोंदी झाल्या की गटाने एकत्र बसून ठरवावे. सोनेरी फायद्याची निघाली तर मोठे पाकीट एकत्र आणावे, भावही कमी पडेल.

वालधुनीसाठी एक विचार

एक शेवटचे. शिवमंदिराला लागून वाहणाऱ्या वालधुनीची आज काय दशा आहे ते आपण रोज पाहतो, वासानेच ओळखतो. तिच्यात कारखान्यांचे आणि घरांचे दोन्हींचे पाणी जाते. लोखंडावर कठीण क्रोमियमचा मुलामा देताना क्रोमिक अ‍ॅसिडच्या टाक्या वापरतात. त्यातले सहा संयुजेचे क्रोमियम विषारी असते, त्याने कॅन्सर होऊ शकतो. ते पाणी शुद्ध न करता सोडले तर नदी आणि विहिरी दोन्ही खराब होतात. बंद पेटीतल्या लेपात अशा टाक्या लागत नाहीत. अर्थात वीज बरीच लागते, लेपाआधी भाग धुवावे लागतात आणि जाड मुलाम्याची सगळी कामे या पद्धतीने होत नाहीत. पण जिथे होतात तिथे ती निवडली जावीत, असे म्हणायचा हक्क नदीकाठी राहणाऱ्या आपल्यालाही आहे. ज्यांच्या मुली-मुलगे आयटीआयला जात आहेत त्यांनी या कामाची चौकशी जरूर करावी.

तर मैत्रिणींनो, दुकानात सोनेरी सुई किंवा जांभळे ड्रिल हातात घेतले की तीन प्रश्न विचारा. लेप कशाचा आहे? खालचे पोलाद कसले आहे? आणि माझ्या कामाला तो लागतो का? चौथे उत्तर तुमच्या वहीत लिहिलेले असेल. नोंदी घेऊन पुढच्या बैठकीला या, सगळ्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहू.